अमुरोचं घर कुठे आहे?

‘मोबाइल सूट गंडम’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका नेमकी कशाबद्दल आहे, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, युद्धाबद्दल. कुणी म्हणतं, अमुरो या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मोठं होण्याबद्दल. जरा खोलात गेलेला माणूस न्यूटाइपचं नाव काढतो, म्हणजे अंतराळात राहून माणसाच्या मनाला जी नवी जाण फुटते, तिचं. यातलं काहीच चूक नाही. पण ही मालिका मी जितक्या वेळा पाहते, तितक्या वेळा माझं मन या सगळ्याच्या आधीच्या एका गोष्टीशी जाऊन थांबतं. ही घराची गोष्ट आहे. घर जाणं, दुसरं घर शोधणं, जुन्या घराच्या दारात उभं राहून ‘आता हे आपलं नाही’ हे कळणं, आणि सगळं संपल्यावर परतायला एक जागा उरणं. गंडम नावाचा अठरा मीटर उंचीचा तो पांढरा यंत्रमानव या गोष्टीच्या मधोमध उभा आहे, म्हणून आपली नजर आधी त्याच्यावर जाते.

हे मी ओढूनताणून म्हणत नाही. 7 एप्रिल 1979 च्या शनिवारी संध्याकाळी नागोया टीव्हीवर पहिला भाग लागला, तेव्हापासून दर आठवड्याला निवेदकाचा आवाज सुरुवातीलाच हे सांगत होता. वाढलेली लोकसंख्या अंतराळात हलवायला लागून अर्धं शतक लोटलं आहे. पृथ्वीभोवती शेकडो महाकाय वसाहती तरंगताहेत. माणसांसाठी ते दुसरं माहेरघर झालं आहे. तिथे त्यांना मुलं झाली, तिथे त्यांनी ती वाढवली, आणि तिथेच त्यांनी डोळे मिटले. एवढं शांतपणे सांगून झाल्यावर लगेच पुढचं येतं. पृथ्वीपासून सर्वांत लांबच्या वसाहतींनी झिऑन नावाने स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं, आणि महिन्याभराच्या लढाईत दोन्ही बाजू मिळून निम्मी माणसं मेली. स्वतःच्या हातून घडलेलं पाहून माणसं हादरून गेली.

हे शब्द चालू असताना पडद्यावर एक वसाहत पृथ्वीवर कोसळताना दिसते. ही वसाहत म्हणजे काय, हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणायला हवं. जेरार्ड ओनील या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात मांडलेली ती कल्पना आहे. कित्येक किलोमीटर लांबीचं एक नळकांडं स्वतःभोवती फिरत राहतं आणि त्या फिरण्यामुळे आतल्या भिंतीवर वजन जाणवतं. त्या भिंतीवर माती, झाडं, ओढे, रस्ते, शाळा. मान वर करून पाहिलं की आभाळाच्या जागी समोरच्या वस्तीची छपरं. युद्ध करणाऱ्यांनी अशी एक अख्खी वस्ती ढकलली आणि पृथ्वीवर टाकली. शस्त्र म्हणून वापरलं ते घरच. मालिकेच्या शेवटाकडे हेच पुन्हा होतं. माहाल नावाच्या वसाहतीतल्या लोकांना सक्तीने बाहेर काढून त्या नळकांड्याचीच एक प्रचंड प्रकाशतोफ बनवली जाते. ती डागली जाते तेव्हा पडद्यावर झगझगाट दिसतो. त्याच्या मागे हजारो रिकामी स्वयंपाकघरं आहेत, हे कुणी बोलून दाखवत नाही. पण ज्याने पहिल्या भागातलं निवेदन कान देऊन ऐकलं आहे, त्याला ते दिसल्याशिवाय राहत नाही.

याआधीच्या रोबोमालिकांत घराला धक्का लागत नसे. 1972 च्या ‘माझिंगर झेड’मध्ये संशोधनकेंद्राच्या जलतरण तलावाचं पाणी दुभंगतं आणि खालून यंत्रमानव वर येतो, लढतो, जिंकतो, आणि पुन्हा त्याच तलावाखाली जाऊन उभा राहतो. फुजी पर्वत जागच्या जागी असतो. पुढच्या आठवड्यात नवा राक्षस. लहान मुलांना त्यातून फार मोठा दिलासा मिळत असणार, आणि त्यात कमी प्रतीचं काही आहे असं मला वाटत नाही. पण ‘गंडम’चे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांना तो दिलासा द्यायचा नव्हता. 1977 च्या ‘झाम्बॉट 3’मध्ये त्यांनी राक्षस आणि रोबो यांच्या झुंजीत घरंदारं उद्ध्वस्त झालेले निर्वासित दाखवले होते, आणि त्या निर्वासितांचा राग नायकाच्या कुटुंबावर निघताना दाखवला होता. ‘गंडम’मध्ये ते आणखी पुढे गेले. घर पहिल्याच भागात गेलं.

तो पहिला भाग मला अजूनही थक्क करतो. साइड 7 ही अर्धवट बांधलेली वसाहत. अमुरो रे आपल्या खोलीत यंत्राचे तुकडे जोडत बसला आहे, खोलीभर पसारा, अंगात धड कपडे नाहीत. वसाहत रिकामी करायची सूचना झालेली त्याच्या कानावरच पडलेली नाही. शेजारची फ्राउ बोव त्याच्या खाण्यापिण्याची काळजी वाहणारी. ती येते, हे काय चाललंय म्हणून त्याला हलवते. पाच मिनिटांत आपल्याला ही वस्ती ओळखीची वाटायला लागते. मग झिऑनचे झाकू नावाचे यंत्रमानव येतात, गोळीबार होतो आणि फ्राउची आई आणि आजोबा तिच्या डोळ्यांदेखत जातात. अमुरो तिला ओरडून सांगतो, पळ, तू खंबीर मुलगी आहेस, पळ. आणि स्वतः वडिलांनी बनवलेल्या गंडममध्ये चढतो.

आता पुढे काय होतं ते नीट पाहा. तो पहिल्या झाकूला कापतो, झाकूच्या पोटातली अणुभट्टी फुटते आणि वसाहतीच्या भिंतीला भोक पडतं. त्या भोकातून हवा बाहेर खेचली जाते आणि हवेबरोबर अमुरोचे वडील, टेम रे, अंतराळात फेकले जातात. घर वाचवायला उगारलेल्या पहिल्याच घावाने घराची भिंत फुटली आणि बाप हरवला. मुलाला त्या क्षणी हे कळतही नाही. एवढंच त्याच्या ध्यानात येतं की यंत्र फुटू देऊन चालणार नाही. म्हणून दुसऱ्या झाकूला तो नेमका चालकाच्या जागी भोसकतो. म्हणजे भिंत वाचवायची तर समोरचा माणूस मारायचा. पुढच्या सगळ्या मालिकेचा पेच या दोन घावांत आलेला आहे. लेखकमंडळी यावर एक वाक्यही बोलत नाहीत, आणि हा संयम मला फार मोठा वाटतो.

त्यानंतर जी मंडळी व्हाइट बेस नावाच्या जहाजावर चढतात, ती सेना म्हणवून घेण्यासारखी नाहीत. म्हातारे आहेत, लेकुरवाळ्या बायका आहेत, आईबाप गमावलेली काट्झ, लेट्झ आणि किक्का ही तीन पोरं आहेत. जहाज चालवणारा ब्राइट नोआ एकोणीस वर्षांचा. युद्धनौका म्हणून बांधलेलं हे जहाज पहिले कित्येक भाग खरं तर निर्वासितांची छावणी आहे. लोक कुरकुरतात, जागेवरून भांडतात, ‘आम्हाला पृथ्वीवर उतरवा’ म्हणून हटून बसतात. एका भागात तर जहाजावरचं मीठ संपतं. स्वयंपाकघर सांभाळणारे तामुरा येऊन सांगतात की मिठाशिवाय चालणार नाही, आणि मग जहाज मिठाच्या शोधात लोप सरोवराची वाट धरतं. रोबोंच्या युद्धाची मालिका मिठासाठी थांबते! घर चालवण्यातली पहिली काळजी काय असते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे सुचू शकतं.

आठव्या भागात पर्शिया नावाची एक बाई येते. तिच्याबरोबर लहान मुलगा आहे. तिला सेंट अँजे या आपल्या गावी जायचं आहे. बाकीच्या निर्वासितांना सोडून ती मुलाचा हात धरून उजाड माळरानातून चालायला लागते. वरून झिऑनचं टेहळणी विमान जात असतं. शत्रूचं विमान. त्यातल्या दोघा सैनिकांना ही मायलेकरं दिसतात आणि ते त्यांना मदत करतात. तिला कुठे जायचं आहे हे कळल्यावर मात्र त्यांना सांगणं भाग पडतं, की सेंट अँजे आता उरलेलं नाही. तू उभी आहेस तेच सेंट अँजे. ती मुलाला पोटाशी धरून कोसळते. पर्शिया पुन्हा कधीही मालिकेत येत नाही. मुख्य कथानकाला तिच्यावाचून काही अडत नाही. पण मला विचाराल तर मालिकेचा आशय उलगडायची किल्ली तिच्या हातात आहे.

हे दृश्य मला इतकं का लागतं, त्याचं कारण मला माहीत आहे. माझ्या आईचं माहेर उजनी धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं. नवं गावठाण वर, उंचावर वसलं. पण आजी बोलताना ‘आपल्या गावात’ म्हणाली की ते कायम खालच्या गावाबद्दल असायचं. भीमेचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते पाहायला हल्ली दुरून दुरून लोक येतात. आजीला आम्ही एकदा अशाच उन्हाळ्यात तिच्या गावाकडच्या काठावर नेलं होतं. समोर भेगाळलेला गाळ, त्यात कुठे जोत्याचे दगड. ती बोट दाखवत सांगत होती, ही आमची गल्ली, हा वाडा, इथे आड. आम्हाला काहीच दिसत नव्हतं. पर्शियाला जेव्हा तो सैनिक ‘हेच ते’ म्हणतो, तेव्हा तिलाही गाव दिसत नाही आणि तरी ती गावातच उभी असते.

तेराव्या भागात अमुरो आपल्या घरी जातो. जपानमधलं लहानपणीचं घर. वडिलांबरोबर तो अंतराळात गेला, आई पृथ्वीवरच राहिली. तिला अंतराळ मानवलं नाही. तो किती वर्षांनी येतोय, आपण त्याच्या चालण्यातूनच ओळखतो. दार उघडतो तर आत दारू पिऊन लोळणारे सैनिक. आणि हे शत्रूचे सैनिक नाहीत, त्याच्याच बाजूचे, पृथ्वीच्या फेडरेशनचे आहेत. शेजारच्या फळवाल्या बाईशी ते दांडगाई करतात, अमुरो मध्ये पडतो आणि मार खातो. आई निर्वासितांच्या छावणीत सेवेला गेलेली असते. तिथे दोघं भेटतात. आई त्याला कवटाळते. क्षणभर वाटतं, आलं घर.

तेवढ्यात झिऑनचे दोन सैनिक छावणी तपासायला येतात. आई अमुरोला रुग्णाच्या खाटेवर झोपवते, वर पांघरूण घालते. त्याच्याजवळचं संदेशयंत्र वाजतं. सैनिक पांघरूण दूर करायला सांगतो आणि अमुरो पांघरुणाच्या आतूनच गोळी झाडतो. आईचा पहिला उद्गार मुलाच्या जिवाबद्दल नसतो. त्या माणसालाही मुलंबाळं असतील, असं ती म्हणते. तू असा कसा झालास? पुन्हा पहिल्यासारखा अमुरो हो. मुलगा विचारतो, मग मी मेलो असतो तर चाललं असतं का? युद्ध आहे, आई. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच ते पाहवत नाही. आईला जो मुलगा परत हवा आहे तो शिल्लक नाही, आणि मुलाला जी आई हवी आहे ती ‘बरं झालं वाचलास’ एवढं म्हणू शकत नाही. शेवटी तो ताठ उभा राहून आईला लष्करी सलाम करतो, ‘तब्येतीला जपा, आई’ असं परक्यासारखं म्हणतो आणि निघून जातो. योशिकाझु यासुहिको यांनी आरेखलेले ते चेहरे फार बोलके आहेत. पण इथे अमुरोच्या चेहऱ्यावर जवळपास काहीच नसतं, आणि तेच अंगावर येतं.

वडिलांचं पुढे काय झालं, तेही मालिका सोडून देत नाही. साइड 6 या तटस्थ वसाहतीत अमुरोला ते अचानक भेटतात. जिवंत आहेत, पण प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेली. एका कोंदट खोलीत बसून ते गंडमसाठी म्हणून एक यंत्रभाग तयार करतात. तो कधीच कालबाह्य झालेला आहे. अमुरो सांगतो, गावाला आई भेटली होती, तुम्हाला तिच्याबद्दल विचारावंसंही वाटत नाही का? वडिलांचं सगळं लक्ष त्या तुकड्यात. हा बसव, बघ कशी ताकद वाढते. बाहेर पडल्यावर अमुरो तो तुकडा फेकून देतो आणि रडतो. इथे त्याचं जुनं घर पुरतं संपलं. आई आहे, वडील आहेत, वास्तूही उभी आहे. आणि तरी घर नाही. घर बॉम्बने पडण्यापेक्षा हे असं संपणं मला जास्त क्रूर वाटतं.

जपानमध्ये 1979 साली टीव्हीसमोर बसलेल्या मुलांच्या आईवडिलांना, आजीआजोबांना हे सगळं कल्पनेतलं वाटलं नसणार. 10 मार्च 1945 च्या रात्री तोक्यो जळालं होतं. शाळकरी मुलांना शहरांतून काढून खेड्यापाड्यांत पाठवलं गेलं होतं. युद्ध हरल्यावर मांचुरिया, कोरिया, तैवान आणि इतर ठिकाणांहून 60 लाखांहून अधिक जपानी सैनिक आणि नागरिक परतले, आणि त्यातल्या कित्येकांना परतायला घर उरलं नव्हतं. तोमिनो 1941 साली ओदावारात जन्मले. त्यांचे वडील युद्धकाळात खूप उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी दाबनियंत्रित पोशाख बनवण्याच्या कामात होते. टेम रेकडे पाहताना ही माहिती मनात येते. यावरून कुणाचं आयुष्य कुठे उतरलं हे ठरवायला मी जाणार नाही. पण युद्धासाठी काहीतरी बनवणारा बाप आणि त्याच्याकडे पाहणारा मुलगा, हे नातं या माणसाने आतून पाहिलेलं आहे, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

एकदा हा धागा हाती लागला की बाकीची माणसंही वेगळी दिसायला लागतात. बेलफास्टची मिहारू दोन लहान भावंडांच्या पोटासाठी झिऑनची हेरगिरी करते. व्हाइट बेस सोडून निघालेल्या काई या अमुरोच्या सोबत्याला तीच आपल्या घरी आसरा देते, आणि पुढे त्याच्याच शेजारी लढताना समुद्रावर मरते. झिऑनचा अधिकारी राम्बा राल आणि त्याची जोडीदार हामोन यांची तुकडी म्हणजे वाळवंटातून फिरणारं एक बिऱ्हाड आहे; तिथल्या एका खानावळीत भुकेल्या अमुरोला ते जेवू घालायला निघतात, आणि त्याला क्षणभर हेवा वाटतो. तो जहाज सोडून पळालेला असतो. परत येतो तेव्हा त्याला कोठडीत टाकलं जातं. म्हणजे व्हाइट बेस हे त्याचं घर आपोआप झालेलं नाही. भांडून, मार खाऊन, रुसून, पळून जाऊन झालेलं आहे.

आणि मग एक्केचाळिसावा भाग. लाला स्यून ही झिऑनच्या बाजूची मुलगी, अमुरोचा झिऑनमधला प्रतिस्पर्धी शार याची सोबतीण. तिच्या कपाळावर टिकली आहे. पहिल्यांदा पाहताना मी त्या टिकलीकडेच पाहत राहिले होते. अमुरो आणि लाला दोघंही न्यूटाइप. लढाईच्या ऐन मध्यात त्यांची मनं एकमेकांना लख्ख दिसतात. आता न्यूटाइप हाच विषय मानणाऱ्यांचा हा सर्वांत लाडका प्रसंग, आणि सहसा त्यातला प्रकाश, ते समुद्राच्या लाटांसारखे रंग, माणसं एकमेकांना समजू शकतात हा साक्षात्कार, एवढंच सांगितलं जातं. पण ती दोघं तिथे बोलतात काय? लाला अमुरोला म्हणते, तुझ्यापाशी राखावं असं कुणी नाही, राखावं असं काही नाही. मला दिसतंय, तुझ्या आत कुटुंब नाही, गाव नाही. मग तू लढतोस कशासाठी? ती स्वतः मात्र तिला वाचवणाऱ्या माणसासाठी लढते, आणि माणसाच्या जगण्याचं सत्य तेच, असं तिचं म्हणणं आहे. दोन माणसांची मनं विश्वाच्या पोकळीत एकमेकांपुढे उघडी झाली, आणि एकीने दुसऱ्यात पाहिलं काय, तर त्याला घर नाही. तू फार उशिरा आलास, असंही ती म्हणते. थोड्याच वेळात शारला वाचवायला ती मध्ये येते आणि अमुरोच्याच हातून मरते.

न्यूटाइपचा विचार मला कमी लेखायचा नाही. माणसाला माणूस कळेल, ही आशा तोमिनोंनी मनापासून धरली होती, आणि नंतरच्या कितीतरी मालिकांत ते तिच्याशी झगडत राहिले. पण या पहिल्या मालिकेत ती जाण एकटी पुरत नाही. लाला आणि अमुरो एकमेकांना पूर्ण कळूनही वाचत नाहीत. समजून घेण्याला पाय टेकायला जागा लागते, आणि ती जागा दोघांना एकत्र मिळालेली नाही.

आता शेवटचा, त्रेचाळिसावा भाग. खरं तर बावन्न भाग व्हायचे होते. प्रेक्षकसंख्या कमी, खेळण्यांच्या प्रायोजकाची नाराजी, म्हणून मालिका आखडती घेतली गेली आणि 26 जानेवारी 1980 ला संपली. त्या घाईतही शेवट जसा जमला आहे तसा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. अ बाओआ कू या झिऑनच्या अंतराळातल्या किल्ल्यात गंडमचं डोकं उडतं, हात तुटतो. डोकं नसलेला यंत्रमानव हात वर करून शेवटची गोळी झाडतो, ते चित्र सगळ्यांना ठाऊक आहे, भिंतींवर लागतं. पण त्यानंतरची मिनिटं मला जास्त मोलाची वाटतात. अमुरो जखमी पडला आहे. व्हाइट बेसही नष्ट होतं आहे, म्हणजे तेवढंच उरलेलं घरही गेलं. अशा वेळी त्याच्या मनाची ती शक्ती पहिल्यांदाच मारण्यासाठी नाही, तर बाहेर काढण्यासाठी वापरली जाते. जळत्या किल्ल्यात अडकलेल्या प्रत्येक सोबत्याला तो मनातल्या मनात वाट सांगतो. इकडे वळा, आता पळा. सगळे एका छोट्या होडीत पोचतात. मग लक्षात येतं की अमुरो स्वतः आलेला नाही.

आणि तेव्हा त्याला बोलावतात ती काट्झ, लेट्झ आणि किक्का. पहिल्या भागात अनाथ झालेली पोरं. ती त्याला दिशा सांगतात, उजवीकडे, अजून थोडं, आणि आकडे उलटे मोजायला लागतात. धुरातून अमुरो बाहेर येतो, समोर होडी दिसते, माणसं हात पसरून उभी असतात. तो लालाला उद्देशून म्हणतो, माफ कर, मला अजून परतायला जागा आहे. याहून मोठा आनंद नाही. तुला कळेल ना? तुला भेटायला मी केव्हाही येऊ शकतो.

हे थेट लालाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दोन भागांपूर्वी तिने विचारलं होतं, तुझ्या आत गाव कुठे आहे. तो तिला आता सांगतो, आहे. आणि माफी का मागतो? कारण तिला त्याच्यासोबत यायला ती जागा मिळाली नाही. मालिकेची मुख्य कल्पना शोधायची तर मी या दोन वाक्यांमधला पूल पाहते. मध्ये कितीही स्फोट होवोत.

यात एक यंत्राचा तपशील मला विलक्षण वाटतो. गंडमच्या पोटात कोअर फायटर नावाचं एक लहान विमान बसवलेलं आहे. दुकानातलं खेळणं म्हणून जोडायला-काढायला ती उत्तम युक्ती होती. गोष्टीतल्या सैन्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग असा की यंत्र नष्ट झालं तरी लढाईची नोंद आणि चालक परत यावेत. म्हणजे या महाकाय यंत्राच्या रचनेतच परत येण्याची तरतूद आहे. शेवटच्या भागात अमुरो त्याच विमानातून निघतो, आणि होडी दिसल्यावर तेही सोडून देतो. गंडम मागे राहतो. माणूस परत येतो. यंत्राची रेखाटनं करणारे कुनिओ ओकावारा, खेळण्यांचा विचार करणारे प्रायोजक आणि तोमिनो, या सगळ्यांच्या वेगवेगळ्या गरजा इथे एका जागी येऊन मिळाल्या.

पुरावा म्हणून आणखी एक गोष्ट पुढे ठेवते. प्रत्येक भागाच्या शेवटी जे गाणं लागतं, त्याचे शब्द इओगी रिन या नावाने लिहिलेले आहेत, आणि ते नाव तोमिनो स्वतःच वापरत. गाण्यात अमुरोला हाक मारून सांगितलं आहे की दूर चमकणारा तो तारा तुझी जन्मभूमी आहे. लहानपणीची, उबेत जाग आलेली सकाळ तुला आठवते का? लगेच त्याला बजावलं आहे, मागे वळू नकोस. बहुतेक जण गाणं लागलं की पुढच्या भागावर जातात. पण दिग्दर्शकाने स्वतः लिहिलेल्या शब्दांत युद्ध नाही, न्यूटाइप नाही. घर आहे, आणि घराकडे वळून पाहायची बंदी आहे.

याच्या उलट बाजूला शार उभा आहे. त्याचंही घर लहानपणी हिरावलं गेलं, नाव बदलावं लागलं, बहिणीपासून ताटातूट झाली. पण त्याला परतायला जागा आहे. बहीण सेला जिवंत आहे, समोर येते, विनवते. तो तिला सोन्याच्या विटांनी भरलेली पेटी पाठवतो, पृथ्वीवर जाऊन सुखाने राहा म्हणतो, आणि स्वतः सूडाकडे वळतो. 1988 च्या ‘शार्स काउंटरअटॅक’ चित्रपटात हाच माणूस पृथ्वी राहण्याजोगी उरू नये म्हणून तिच्यावर अवकाशातला एक खडक टाकायला निघतो. त्याच्या राजकारणावर चाहते तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात तो मुलगा दिसतो, ज्याने पुढे आलेला घरचा हात धरला नाही.

पाहायला बसणार असाल तर संक्षिप्त केलेल्या तीन चित्रपटांऐवजी मालिकाच पाहा, आणि पंधरावा भाग चुकवू नका. तो फारसा मानाचा नाही. चित्रकाम कच्चं, झाकूचा आकार बिघडलेला. अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत तो घेतलेलाही नाही. कुकुरुझ डोआन नावाचा झिऑनचा सैनिक सैन्य सोडून एका बेटावर राहतो आहे, काही अनाथ मुलांना घेऊन. त्या मुलांचे आईबाप त्याच्याच हातून मेलेले आहेत. मुलांना राखायला त्याने आपला झाकू जवळ ठेवला आहे, पण त्या झाकूमुळेच शोध घेणारे पुन्हा पुन्हा येतात. शेवटी अमुरो गंडमने तो झाकू उचलतो आणि समुद्रात फेकून देतो. डोआन आधी हादरतो, मग त्याला कळतं.

यासुहिको यांनी 2022 साली, वयाच्या सत्तरीनंतर, या एका भागाचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. एवढ्या मोठ्या गाथेतून त्यांनी नेमकं हे बेट निवडलं, ती पोरं, ती शेती, ते जेवणाचं ताट. मला त्याचं जराही नवल वाटलं नाही.